आपली वही कोणाच्या हाती? सरकार, कंपन्या आणि व्यापाऱ्याची खाजगी माहिती



आमचे कापडाचे दुकान वारजे माळवाडीत आहे. आमच्याकडून अस्तर आणि ब्लाउजपीस नेणारा एक तरुण शिंपी आहे. तो फक्त बायकांचे कपडे शिवतो. त्याच्याकडे मापाची एक वही आहे. इतक्या वर्षांत ती वही त्याने कधी टेबलावर उघडी टाकलेली मी पाहिली नाही. माप घेऊन झाले की वही खणात आणि खणाला कुलूप. त्याच्या वडिलांनी त्याला हेच शिकवले होते, की माप ही गिऱ्हाइकाची अमानत आहे.

एके दिवशी सकाळी आम्ही शटर वर करत होतो, तेवढ्यात तो आला. चेहरा उतरलेला होता. जुने ओव्हरलॉक मशीन घेण्यासाठी त्याने मोबाइलवरच्या एका ॲपकडून थोडे कर्ज घेतले होते. हप्त्याला चार दिवस उशीर झाला. कर्ज घेताना त्या ॲपने त्याच्या मोबाइलमधील सगळे नंबर काढून घेतले होते. त्या नंबरांवर त्याच्या फोटोसह संदेश गेले, की हा माणूस चोर आहे. नातेवाइकांना गेले, मशिदीतल्या ओळखीच्या लोकांना गेले आणि ज्या बायकांचे कपडे तो शिवतो त्यांनाही गेले. तीन घरांनी न शिवलेले कापड परत मागवले.

तो म्हणाला, "चाचा, पैसे तर मी त्याच दिवशी फेडले. पण माझ्याकडे दिलेला नंबर बाहेर कसा गेला, असे त्या बायका विचारतात. त्यांना काय सांगू?"

दुकानात तेव्हा आणखी दोघे जण होते. एक म्हणाला, या कंपन्याच सगळ्यात वाईट, त्यांनी माणसाला उघडे पाडले आहे. दुसरे वयस्कर होते. ते म्हणाले, कंपनी फार तर पैसे मागेल, सरकारने मनात आणले तर माणूस उचलून नेईल, भीती सरकारचीच धरावी. वाद बराच वेळ चालला. मला तेव्हा उत्तर देता आले नाही. नंतर जे वाचले आणि विचारात घेतले, ते आज या पानावर मांडत आहे.

१) खाजगी माहिती म्हणजे नेमके काय?

काही लोक म्हणतात, "ज्याने काही लपवायचे नाही, त्याला भीती कशाची?" व्यापारी माणसाने हे म्हणू नये. आपण तर रोज काहीतरी राखून ठेवतो. जुने कापड व्यापारी तागाच्या चिठ्ठीवर खरेदीचा भाव आकड्यांत लिहीत नसत. घराण्याची ठरलेली अक्षरे असत आणि ती दुकानातल्या माणसांनाच वाचता येत. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची रीत होती. यात चोरी नव्हती. माझी खरेदी किती, कोणाकडे किती उधारी, कोणाचे माप काय, हे ज्याला सांगायचे त्यालाच सांगायचे, एवढाच त्याचा अर्थ. कर चुकवण्यासाठी दुसरी वही ठेवणे हा वेगळा प्रकार आहे. त्याची वकिली मी करत नाही.

देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही हे मान्य केले आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला, की खाजगीपणा हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. हा हक्क श्रीमंतांपुरता नाही. शिंप्याचा आणि हमालाचाही आहे.

२) कंपन्यांची वही

कंपनीला आपल्या खिशाशी काम असते. आपण काय घेतो, कुठे जातो, कोणाशी बोलतो हे तिला कळले की ती जाहिरात विकते, कर्ज विकते किंवा ती माहितीच दुसऱ्याला विकते.

मार्च २०१८ मध्ये केंब्रिज ॲनालिटिका या इंग्लंडमधील कंपनीचे प्रकरण उघडकीस आले. फेसबुकवरील कोट्यवधी लोकांची माहिती त्यांना न विचारता निवडणूक प्रचाराच्या कामासाठी गोळा झाली होती. भारतातील सुमारे ५ लाख ६२ हजार लोकांच्या माहितीला याचा धोका पोहोचला असावा, असे फेसबुकनेच सांगितले. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नवीन अटी आणल्या आणि त्या मान्य करा असा आग्रह धरला. आपला निम्मा धंदा व्हॉट्सॲपवर चालतो. मालाचे फोटो, भाव, ऑर्डर सगळे तिथेच. नाही म्हणणार कसे? नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने याच कारणासाठी मेटा कंपनीला २१३ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला आणि प्रकरण पुढे अपिलात गेले.

कर्ज देणाऱ्या ॲपबाबत रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ रोजी नियम काढले. अशा ॲपने कर्जदाराच्या मोबाइलमधील नंबरांची यादी, फोटो-फाइली आणि कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही, असे त्यात स्पष्ट आहे. म्हणजे आमच्या शिंपी भावाच्या बाबतीत जे झाले ते नियमाविरुद्ध होते. पण जे ॲप कोणत्याही बँकेशी जोडलेले नाही आणि ज्याचा पत्ताच नाही, त्याला नियम लागू कोण करणार?

तरीही कंपनीच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घ्या. ॲप काढून टाकता येते, दुसऱ्या कंपनीकडे जाता येते, सरकारकडे तक्रार करता येते. मार्ग अरुंद आहे, पण आहे.

३) सरकारची वही

सरकारच्या वहीत नाव घालायचे की नाही, हा प्रश्नच येत नाही.

आधारची सुरुवात आपल्याच महाराष्ट्रात झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात पहिला आधार क्रमांक दिला गेला. तेव्हा ते ऐच्छिक म्हणून सांगितले गेले. पुढे रेशन, गॅस, बँक, मोबाइल, शाळा, सगळीकडे आधार मागू लागले. २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आधार कायदा कायम ठेवला, पण खाजगी कंपन्यांनी आधार मागण्याची तरतूद रद्द केली. दुसऱ्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि बँका व मोबाइल कंपन्यांना ग्राहकाच्या संमतीने आधार वापरण्याची वाट पुन्हा मोकळी झाली.

जीएसटी १ जुलै २०१७ पासून आला. आता नोंदणी असलेल्या कोणत्या व्यापाऱ्याला कोणत्या तारखेला किती माल विकला, हे बिलवार सरकारला कळवावे लागते. भिवंडी, मालेगाव किंवा सुरतहून माल निघाला आणि किंमत ठरलेल्या मर्यादेपुढे गेली, की ई-वे बिलात गाडीचा नंबरही येतो. पूर्वी जे घराण्याच्या अक्षरांत राहत होते ते आज एका ठिकाणी जमा आहे. मी याला विरोध करत नाही. कर गोळा करायचा तर हिशोब लागणारच, आणि बोगस बिले करणारे यामुळे सापडले हेही खरे आहे. माझा मुद्दा एवढाच, की ही वही किती मोठी झाली आहे हे आपल्याला माहीत असावे.

आता पुण्याशी संबंध असलेले एक प्रकरण पाहा. जुलै २०२१ मध्ये काँग्रेसचे नेते नाना पटोले यांनी विधानसभेत सांगितले, की आपण खासदार असताना आपला फोन चोरून ऐकला गेला. त्यांच्या सांगण्यानुसार कागदावर त्यांचे नाव नव्हते. त्या जागी 'अमजद खान' असे नाव होते आणि कारण अमली पदार्थांच्या व्यापाराचे दाखवले होते. पुण्यात फेब्रुवारी २०२२ मध्ये गुन्हा नोंदवला गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्यामुळे आज कोणाला दोषी म्हणता येत नाही आणि मी म्हणतही नाही. पण दोन गोष्टी विचार करण्यासारख्या आहेत. एक, खासदारालाही आपल्या बाबतीत काय झाले याची शंका येण्यास काही वर्षे लागली. मग वारज्याच्या दुकानदाराला ते कधी कळणार? दुसरी, खोटे नाव लिहायचे झाले तर ते कोणत्या समाजाचे असावे, हे लिहिणाऱ्याला सुचायला वेळ लागला नसावा. त्या नावाचा खरा माणूस कुठेतरी गाडीवर थान लादत असेल, याचा विचार कोण करतो?

फोन ऐकण्यावर बंधने नाहीत असे नाही. १८ डिसेंबर १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गृह सचिवासारख्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय फोन ऐकता येणार नाही आणि त्या हुकुमाची तपासणी समितीने करावी. परंतु हुकूम देणारेही सरकारी आणि तपासणारेही सरकारी. मध्ये न्यायाधीश नाही.

४) दोन वह्या एक होतात तेव्हा

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, सरकार वेगळे आणि कंपनी वेगळी. प्रत्यक्षात दोघांच्या मधली भिंत फार पातळ आहे.

मार्च २०१९ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने वाहनांची व वाहन परवान्यांची माहिती घाऊक विकण्याचे धोरण आणले. व्यापारी संस्थेसाठी वर्षाचा भाव ३ कोटी रुपये ठेवला. तेव्हाचे मंत्री नितीन गडकरी यांनी जुलै २०१९ मध्ये राज्यसभेत सांगितले, की ८७ खाजगी कंपन्या व ३२ सरकारी संस्थांना ही माहिती उपलब्ध केली असून ६५ कोटी रुपये मिळाले आहेत. आपण आरटीओमध्ये टेम्पोची नोंदणी केली ती कायद्याने सांगितले म्हणून. ती विकायला आपण परवानगी दिली नव्हती. जून २०२० मध्ये हे धोरण रद्द करण्यात आले.

हे झाले सरकारकडून कंपनीकडे. उलटाही रस्ता आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील पत्रकारांनी एक बातमी छापली. नमाजच्या वेळा आणि किब्ला दाखवणारे एक प्रसिद्ध ॲप, मुस्लिम प्रो, जगभरात ९ कोटींहून अधिक वेळा उतरवून घेतले गेले होते. त्यातून लोक कुठे आहेत याची माहिती एक्स-मोड नावाच्या दलाल कंपनीकडे जात होती आणि त्या कंपनीच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराशी संबंधित ठेकेदार होते. ॲपवाल्यांनी बातमीनंतर त्या दलालाशी संबंध तोडला. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्या दलाल कंपनीला अशी नाजूक ठिकाणांची माहिती विकण्यास मनाई केली. फजरची वेळ पाहण्यासाठी मोबाइल उघडणाऱ्या माणसाला यातले काहीही ठाऊक नव्हते.

दलाल हा शब्द आपल्याला नवीन नाही. आपला दलाल दोन्ही पक्षांना ओळखतो आणि दोघांसमोर उभा राहतो. माहितीचा दलाल मात्र ज्याचा माल विकतो त्याला कधी भेटतच नाही.

५) यादी कोणाच्या हाती पडेल?

आता मी सर्वात महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो.

नेदरलँड्स या देशात लोकसंख्येची नोंद फार चोख होती. त्यात प्रत्येकाचा धर्मही लिहिलेला होता. ज्यांनी ती नोंद केली त्यांचा हेतू वाईट नव्हता. १९४० साली जर्मनीने देश बळकावला आणि तीच वही नाझींच्या हाती गेली. तेथील ज्यू लोकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मारले गेले. २७ मार्च १९४३ रोजी काही देशभक्तांनी ॲमस्टरडॅमचे नोंदणी कार्यालय जाळण्याचा प्रयत्न केला, तो याच वहीसाठी.

इतक्या दूर जाण्याची गरज नाही. मुंबईत डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये जे झाले त्याची चौकशी न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांनी केली. १९९८ साली आलेल्या त्यांच्या अहवालात नोंद आहे, की जानेवारीच्या हल्ल्यांत मुसलमानांवर चालून आलेल्यांच्या हाती दुकानांच्या याद्या आणि मतदार याद्या होत्या. मतदार यादी मत देण्यासाठी असते. दुकानाची यादी धंद्यासाठी असते. कोणी जळण्यासाठी आपले नाव लिहून दिले नव्हते. आपल्यापैकी ज्यांनी त्या काळात मुंबईशी व्यापार केला, त्यांना बंद झालेले पत्ते आणि परत आलेली पोस्टकार्डे आठवत असतील.

पुढची गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात आली आहे. २०१७ साली केंद्र सरकारने माहितीच्या रक्षणाचा कायदा कसा असावा हे ठरवण्यासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष हेच न्यायमूर्ती श्रीकृष्ण होते. जुलै २०१८ मध्ये समितीने कायद्याचा मसुदा दिला. त्यात सरकारलाही बंधन होते. सुरक्षेसाठी माहिती घ्यायची तर संसदेने केलेला कायदा हवा आणि गरजेपुरतीच घ्यायची. २०१९ मध्ये सरकारने जे विधेयक आणले त्यात सरकारच्या कोणत्याही यंत्रणेला सूट देण्याचा अधिकार सरकारनेच स्वतःकडे ठेवला. तेव्हा न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांनी जाहीरपणे त्यावर कडक टीका केली. ते विधेयक २०२२ मध्ये मागे घेतले गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये नवीन कायदा झाला. कंपन्यांना २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारणांसाठी सरकारी यंत्रणेला कायद्यातून वगळण्याचा अधिकार त्यातही सरकारकडेच आहे.

६) मग उत्तर काय?

माझ्या मते मोठा धोका सरकारचा आहे. कारणे तीन. सरकारला नाही म्हणता येत नाही. सरकार माहितीच्या आधारावर माणसाला अटक करू शकते, परवाना काढून घेऊ शकते, रेशन थांबवू शकते. आणि कंपनीसाठी कायदा करणारे सरकार स्वतःला त्यातून सूट देऊ शकते. दुकानातले वयस्कर गृहस्थ बरोबर होते.

पण ज्याने कंपन्यांना दोष दिला तोही चुकला नव्हता. आज सर्वात भरलेली वही कंपन्यांकडे आहे आणि ती आपणच भरून दिली आहे. आपण कोणाला भेटलो, कुठे गेलो, काय वाचले, हे सरकार घरोघर फिरूनही लिहू शकले नसते. कंपनीने ते लिहून ठेवले. सरकारला आता ते मागायचे किंवा विकत घ्यायचे आहे, एवढेच. म्हणून कंपनीला अनावश्यक माहिती न देणे हाच सरकारी धोका कमी करण्याचाही, आपल्या हातातला, मार्ग आहे.

७) आपल्या दुकानातील वही

इतरांना बोल लावण्यापूर्वी मी माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी उधारीच्या गिऱ्हाइकांकडून मी ओळखपत्रांची झेरॉक्स घेत असे. दुकान आवरताना जुन्या झेरॉक्सचा गठ्ठा पोराने रद्दीत दिला. आठ दिवसांनी शेजारच्या गाडीवरून भजी आणली, तर कागदावर माझ्याच एका गिऱ्हाइकाचा फोटो, पत्ता आणि आधार क्रमांक! त्या बाईंनी माझ्यावर भरोसा ठेवून तो कागद दिला होता. त्या दिवशी मला कळले, की सरकार आणि कंपनी यांच्या खालोखाल तिसरी वही माझीच आहे. म्हणून काही गोष्टी मी पाळतो, आपणही पाळाव्यात.

अ) गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर गरज असेल तरच मागा. बिल करण्यासाठी नंबरची सक्ती करू नये, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक मंत्रालयाने मे २०२३ मध्ये दिली आहे.

आ) आधारची झेरॉक्स घेऊ नका. द्यावीच लागली तर शेवटचे चार आकडेच दिसणारी प्रत द्या. ती आधारच्या संकेतस्थळावर मिळते. बोटांचे ठसे बंद करून ठेवण्याची सोयही तिथे आहे.

इ) नवीन ॲप घेताना नंबरांची यादी, फोटो, ठिकाण यांची परवानगी मागितली तर नाही म्हणा. नाही म्हटल्यावर चालत नसेल तर ते ॲप आपल्या कामाचे नाही.

ई) कर्ज घेण्यापूर्वी ॲपमागे कोणती बँक किंवा वित्तसंस्था आहे ते पाहा. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवा.

उ) जुने कागद फाडल्याशिवाय रद्दीत देऊ नका. संगणकात गिऱ्हाइकांची यादी ठेवणाऱ्यांनी नवीन कायद्याची माहिती घ्यावी. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत दिली आहे.

ऊ) सरकारी कार्यालयात माहिती मागितली तर कोणत्या नियमाखाली मागता, हे अदबीने विचारा. विचारणे हा गुन्हा नाही.

आमच्या शिंपी भावाने पोलिसांत तक्रार दिली आणि मोबाइल बदलला. ज्या घरांनी कापड परत मागवले होते तिथे तो आईला घेऊन स्वतः गेला, झालेली हकिगत सांगितली आणि माफी मागितली. दोन घरे परत आली, एक अजून आले नाही. आता तो गिऱ्हाइकांचे नंबर मोबाइलमध्ये ठेवत नाही. मापाच्या वहीतच, मापाशेजारी लिहितो आणि खणाला कुलूप लावतो.